हृदयझडपेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आणि रुग्णाची कृतज्ञता : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हृदयाला हात लावणे हे शल्यशास्त्राच्या मर्यादेबाहेरचे मानले जात होते. शंभर वर्षांच्या आत रोगग्रस्त झडप काढून तेथे नवी झडप बसविणे, आणि पुढे छाती न उघडता मांडीतील रक्तवाहिनीतून ती बसविणे शक्य झाले. या प्रवासाचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि रुग्णांची कृतज्ञता हा त्या पराक्रमाचा पुरावा म्हणून सादर केला जातो. प्रस्तुत निबंधात या कृतज्ञतेकडेच ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे. ती कोणी व्यक्त केली, कोणाविषयी व्यक्त केली आणि कोणाचे ऋण तिच्यात नोंदले गेले नाही, यांचा विचार करून झडपेच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाची फेरमांडणी करण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : हृदयझडप, अल्पछेद शस्त्रक्रिया, कॅथेटर, कृतज्ञता, ऋण, संधिवाती ज्वर.

प्रस्तावना

मरणाच्या दारातून परत आलेला माणूस डॉक्टरांना हात जोडून 'तुम्ही देवासारखे धावून आलात' असे म्हणतो, तेव्हा त्यात कोणताही अलंकार नसतो. त्याच्या दृष्टीने ते वस्तुस्थितीचे कथन असते. आपल्या परंपरेत उपकाराची कल्पना ऋणाच्या भाषेत मांडली गेली आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांच्या जोडीला आधुनिक महाराष्ट्राने समाजऋण ही संकल्पना स्वीकारली. ऋण म्हटले की उतराई होण्याचा प्रश्न येतो. ज्याने प्राण वाचविले त्याचे उतराई कसे व्हावे, हा प्रश्न हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण येथे रुग्ण आपले हृदय अक्षरशः दुसऱ्याच्या हाती देतो.

मानवी हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने वाहू देणे आणि मागे न फिरू देणे हे त्यांचे कार्य. झडप अरुंद झाली तर रक्त पुढे जाण्यास अडथळा होतो. ती नीट मिटत नसेल तर रक्त मागे येते. दोन्ही परिस्थितींत हृदयावर ताण येऊन रुग्णास धाप लागते, पायांवर सूज येते आणि उपचार न झाल्यास हृदय थकत जाते. बालपणी झालेला संधिवाती ज्वर, जन्मजात दोष आणि वार्धक्यात झडपेवर साचणारे कॅल्शियम ही त्याची प्रमुख कारणे होत. पहिल्या कारणाने प्रामुख्याने मायट्रल झडप, तर तिसऱ्याने महाधमनीची झडप बिघडते. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. हृदयझडपेच्या शस्त्रक्रियेचा आरंभापासून कॅथेटरद्वारे झडप बसविण्यापर्यंतचा विकास कालक्रमाने मांडणे.
२. या विकासाच्या प्रत्येक टप्प्यावर रुग्ण आणि शल्यविशारद यांच्यातील संबंध कसा बदलत गेला हे तपासणे.
३. रुग्णाच्या कृतज्ञतेचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य व मर्यादा स्पष्ट करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वैद्यकीय तपशील विषय समजण्यापुरताच दिला आहे.

बोटाने उघडलेली झडप

९ सप्टेंबर १८९६ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन यांनी चाकूच्या वाराने जखमी झालेल्या तरुणाच्या हृदयाला टाके घातले आणि तो वाचला. हृदयाला सुई लावता येते हे त्यातून सिद्ध झाले. तथापि जखम शिवणे आणि आजारी झडप दुरुस्त करणे यांत मोठे अंतर होते. १९०२ मध्ये लंडनचे सर लॉडर ब्रंटन यांनी अरुंद झालेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने रुंद करता येईल, अशी सूचना 'द लॅन्सेट' या नियतकालिकात केली. तिचे स्वागत होण्याऐवजी त्यांच्यावर टीकाच झाली.

२० मे १९२३ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे इलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या मायट्रल झडपेवर शस्त्रक्रिया केली. ती मुलगी चार वर्षांहून अधिक काळ जगली. मात्र त्यानंतरचे बहुतेक रुग्ण दगावले आणि दशक संपण्याच्या सुमारास कटलर यांनी हा मार्ग सोडून दिला. १९२५ मध्ये लंडन येथे हेन्री सुटार यांनी एका तरुण मुलीच्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून आपली तर्जनी आत घातली आणि अरुंद झडप बोटानेच मोकळी केली. मुलगी बरी होऊन घरी गेली. असे असूनही कोणत्याही फिजिशियनने सुटार यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठविला नाही. त्या काळातील वैद्यकमतानुसार संधिवाती हृदयरोगात मूळ दोष हृदयाच्या स्नायूत असून झडप ही गौण बाब होती. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्या मुलीची कृतज्ञता कितीही खरी असली, तरी वैद्यकीय जगाचे मत बदलण्यास ती पुरेशी ठरली नाही.

यानंतर सुमारे दोन दशके या क्षेत्रात शांतता होती. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या अमेरिकन लष्करी शल्यविशारदांनी १३४ सैनिकांच्या हृदयातून व त्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून बॉम्बचे तुकडे व गोळ्या काढल्या आणि एकही सैनिक दगावला नाही. हृदय हाताळणी सहन करते हा विश्वास त्यातून निर्माण झाला. १९४८ हे वर्ष या इतिहासातील वळणाचे ठरले. त्या वर्षी १० जूनला फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांना, १६ जूनला बोस्टनमध्ये हार्केन यांना आणि सप्टेंबरमध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयात रसेल ब्रॉक यांना मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेत यश मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिण भागात झडपांवर शस्त्रक्रिया करणारे होरेस स्मिथी स्वतःच महाधमनीच्या झडपेच्या विकाराने वयाच्या ३४ व्या वर्षी निधन पावले. ज्या रोगावर ते इलाज शोधीत होते, त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

बेली यांच्या यशाचा तपशील अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. त्यांचे आधीचे तीन रुग्ण मृत्यू पावले होते. सहकारी त्यांना 'हानेमानचा कसाई' म्हणू लागले होते, आणि एकामागून एक रुग्णालयांची दारे त्यांच्यासाठी बंद होत होती. १० जून १९४८ रोजी त्यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या, कारण पहिला रुग्ण दगावला तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची परवानगी नाकारली जाईल हे त्यांना ठाऊक होते. सकाळचा रुग्ण दगावला. दुपारची तरुण स्त्री वाचली. आठवड्याभरातच बेली तिला रेल्वेने शिकागोच्या वैद्यकीय परिषदेत घेऊन गेले. इतिहासग्रंथांत ही स्त्री 'पहिली यशस्वी रुग्ण' म्हणून नोंदली गेली. त्याच दिवशी सकाळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्राण सोडलेल्या व्यक्तीला मात्र अशी कोणतीही उपाधी मिळालेली नाही.

कृतज्ञतेची संघटना : 'मेंडेड हार्ट्स'

हार्केन यांचेही सुरुवातीचे बरेच रुग्ण दगावले. ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी असा विचार त्यांच्या मनात आला होता. त्यांच्याकडे रुग्ण पाठविणाऱ्या लॉरेन्स एलिस या हृदयरोगतज्ज्ञांनी, हे रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय वाचणारच नव्हते, असे सांगून त्यांना परावृत्त होऊ दिले नाही. पुढे परिणाम सुधारत गेले. १९५१ मध्ये हार्केन यांच्या बरे झालेल्या चार रुग्णांनी एकत्र येऊन बोस्टनमध्ये 'मेंडेड हार्ट्स' म्हणजे 'सांधलेली हृदये' या नावाची संघटना स्थापन केली. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या माणसाने शस्त्रक्रियेस सामोरे जाणाऱ्या माणसाची रुग्णालयात जाऊन भेट घ्यावी, त्याला धीर द्यावा, हे या संघटनेचे मुख्य कार्य होते. ही संघटना आजही कार्यरत आहे.

या घटनेचे महत्त्व निव्वळ भावनिक नाही. शल्यविशारदाचे ऋण शल्यविशारदाला परत करता येत नाही, हे या चार माणसांनी ओळखले. त्यांनी उतराई होण्याची दिशाच बदलली. मिळालेले दान ज्याच्याकडून आले त्याच्याकडे परत न जाता पुढच्या रुग्णाकडे गेले. आपल्याकडील समाजऋणाच्या कल्पनेशी हा विचार जवळचा आहे. शिवाय, भयभीत रुग्णाला जे आश्वासन डॉक्टर देऊ शकत नव्हते, ते छातीवर व्रण असलेला दुसरा रुग्ण देऊ शकत होता. 'मी यातून गेलो आहे' या शब्दांचे वजन वैद्यकीय आकडेवारीहून वेगळे असते.

यंत्राचा आवाज : कृत्रिम झडपेचा काळ

झडप बोटाने मोकळी करणे हा तात्पुरता उपाय होता. पूर्णपणे निकामी झालेली झडप बदलायची तर कृत्रिम झडप हवी होती आणि ती बसविण्यासाठी हृदय काही काळ थांबवावे लागणार होते. १९५२ मध्ये वॉशिंग्टन येथील चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यातील चेंडूच्या तत्त्वावरची झडप छातीतून खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसविली. मूळ झडप तशीच राहत असल्याने हा अर्धा उपाय होता. या झडपेचा टिकटिक आवाज जवळच्या माणसांनाही ऐकू येत असे. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले आणि उघड्या हृदयावर काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५७ पासून छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभी कापून हृदयापर्यंत पोहोचण्याची पद्धत रूढ होत गेली. ही पद्धत कैरो येथील हर्बर्ट मिल्टन यांनी १८९७ मध्येच सुचविली होती.

१९६० हे दुसरे वळण होय. १० मार्च रोजी हार्केन यांनी महाधमनीच्या झडपेच्या मूळ जागी कृत्रिम झडप बसविली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नीना ब्राउनवाल्ड या तरुण शल्यविशारद स्त्रीने स्वतः आराखडा केलेली पॉलियुरेथेनची मायट्रल झडप एका स्त्री रुग्णास बसविली. दीर्घकाळ टिकणारे यश मात्र ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे मिळाले. १९५८ मध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचे साठीच्या घरातील निवृत्त अभियंते कृत्रिम हृदय बनविण्याची कल्पना घेऊन अल्बर्ट स्टार या तरुण शल्यविशारदाकडे आले. एडवर्ड्स यांनी आयुष्य द्रवगतिशास्त्रात, पंपांच्या रचनेत घालविले होते आणि तरुणपणी त्यांना स्वतःला संधिवाती ज्वर झाला होता. आधी एक झडप तरी करून पाहू, असे स्टार यांनी सुचविले. ऑगस्ट १९६० मध्ये पहिली रुग्ण, एक तरुण स्त्री, शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तवाहिनीत हवा शिरल्याने मृत्यू पावली. २१ सप्टेंबर १९६० रोजी ५२ वर्षांच्या पुरुषास झडप बसविण्यात आली. तो सुमारे दशकभर जगला आणि अखेर शिडीवरून पडण्याच्या अपघातात मृत्यू पावला. झडप शेवटपर्यंत चालत होती.

यानंतर झडपांचे अनेक प्रकार आले. १९६२ मध्ये लंडनचे डोनाल्ड रॉस व ऑकलंडचे ब्रायन बॅरट-बॉइज यांनी मृत दात्याची मानवी झडप वापरली. १९६५ मध्ये पॅरिस येथे डुकराची झडप माणसास बसविण्यात आली, आणि आलाँ कार्पेंतिए यांनी ग्लुटाराल्डिहाइडची प्रक्रिया करून प्राणिज ऊती टिकाऊ बनविली. स्टार आणि कार्पेंतिए या दोघांना २००७ मध्ये लॅस्कर पुरस्कार देऊन गौरविण्यात आले.

धातूची झडप टिकाऊ असली तरी तिच्यावर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रुग्णास आयुष्यभर वॉरफरिनसारखे औषध घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण औषधालयाशी, प्रयोगशाळेशी आणि रुग्णालयाशी कायमचा बांधला जातो. या टप्प्यावर कृतज्ञता एका दिवसाची राहत नाही. ती एका दीर्घ अवलंबित्वात रूपांतरित होते.

तुटलेली झडप, तुटलेला विश्वास

या अवलंबित्वाची काळी बाजू १९८० च्या दशकात उघड झाली. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या ब्यॉर्क-शायली कन्व्हेक्सो-कॉन्केव्ह या प्रकारच्या झडपेचा तबकडी धरून ठेवणारा धातूचा आधार काही रुग्णांत अचानक तुटू लागला. तबकडी निसटली की काही मिनिटांत वा तासांत प्राणावर बेतत असे. १९८६ मध्ये ही झडप बाजारातून मागे घेण्यात आली. तोवर जगभरात सुमारे ८६ हजार रुग्णांना ती बसविली गेली होती. सहाशेहून अधिक झडपा तुटल्याची नोंद झाली आणि त्यांपैकी बहुसंख्य रुग्ण दगावले. १९९२ मध्ये अमेरिकेत सामूहिक दाव्यात उत्पादक कंपनीशी तडजोड झाली.

ज्यांची झडप तुटली नाही त्यांची अवस्थाही विचार करण्यासारखी होती. ज्या टिकटिकीने आपण जिवंत असल्याची ग्वाही मिळत होती, तीच टिकटिक आता काळजीचे कारण झाली. झडप काढून दुसरी बसविण्याची शस्त्रक्रिया स्वतःच धोक्याची होती. अशा रुग्णाने शल्यविशारदाचे आभार मानावेत की जाब विचारावा? या प्रकरणाने दाखवून दिले की दोन्ही गोष्टी एकाच वेळी न्याय्य असू शकतात. शल्यविशारदाने प्रामाणिकपणे प्राण वाचविलेले असतात आणि तरीही यंत्र, उत्पादक व नियंत्रक यांना उत्तरदायी धरणे आवश्यक असते. कृतज्ञता ही उत्तरदायित्वाची जागा घेऊ शकत नाही.

छेद लहान होत जातो

उरोस्थी कापून केलेल्या शस्त्रक्रियेत हाड पुन्हा तारांनी जोडावे लागते. ते भरून येण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तोवर जड वस्तू उचलणे, शेतीचे काम, कडेवर मूल घेणे हे सारे वर्ज्य असते. छातीच्या मधोमध लांब व्रण आयुष्यभर राहतो. आपल्या समाजात अविवाहित मुलीच्या बाबतीत हा व्रण केवळ शरीरावरचा राहत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यास अल्पछेद शस्त्रक्रियेचा आरंभ झाला. १९९६ च्या सुमारास क्लीव्हलंड क्लिनिकचे डेलॉस कॉसग्रोव्ह, बोस्टनचे लॉरेन्स कोहन, पॅरिसचे कार्पेंतिए आणि नॉर्थ कॅरोलायनाचे रँडॉल्फ चिटवुड यांनी वेगवेगळ्या मार्गांनी लहान छेदातून झडपेपर्यंत पोहोचण्याच्या पद्धती विकसित केल्या. काहींनी उरोस्थीचा वरचा भागच कापला. काहींनी उजव्या बाजूच्या बरगड्यांमधून कॅमेऱ्याच्या मदतीने काम केले. हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या मांडीतील रक्तवाहिन्यांतून जोडल्या जाऊ लागल्या. १९९८ मध्ये कार्पेंतिए यांनी रोबोच्या साहाय्याने मायट्रल झडपेची दुरुस्ती केली.

लहान छेदाचे लाभ निश्चित आहेत. रक्तस्राव कमी होतो, रुग्णालयातील वास्तव्य घटते आणि व्रण झाकता येतो. त्याच वेळी शस्त्रक्रियेस अधिक वेळ लागतो, दृष्टिक्षेत्र मर्यादित असते आणि कौशल्य येण्यास बराच सराव लागतो. ब्रिटनमधील 'यूके मिनी मायट्रल' या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतरच्या शारीरिक क्षमतेच्या बाबतीत लहान छेदाची पद्धत उरोस्थी कापण्याच्या पद्धतीहून सरस ठरली नाही. रुग्णास दिसतो तो छेद. हृदयाच्या आत काय झाले ते त्यास दिसत नाही. म्हणून लहान व्रणाबद्दल वाटणारी कृतज्ञता आणि शस्त्रक्रियेची खरी गुणवत्ता यांची गल्लत होऊ न देणे ही वैद्यक व्यवसायाची जबाबदारी ठरते.

छाती न उघडता

यापुढचे पाऊल केवळ शल्यविशारदांनी टाकले नाही. ते बहुतांशी हृदयरोगतज्ज्ञांनी टाकले. १९८२ मध्ये जपानचे कानजी इनोए यांनी मांडीतील शिरेतून फुगा नेऊन अरुंद मायट्रल झडप रुंद केली. १९८५ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथील आलाँ क्रिबिए यांनी वृद्ध रुग्णांच्या महाधमनीच्या झडपेसाठी फुग्याचा उपयोग केला. परंतु ती झडप काही महिन्यांत पुन्हा अरुंद होत असे. फुग्याने उघडलेली जागा उघडी ठेवणारी झडप असावी, ही कल्पना त्यातून पुढे आली. डेन्मार्कचे हेनिंग रूड अँडरसन यांनी खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या हृदयातील झडप तारेच्या जाळीत बसवून १ मे १९८९ रोजी कॅथेटरद्वारे एका डुकराच्या हृदयात यशस्वीपणे रोवली. त्यांचा लेख प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडले. २००० मध्ये फिलिप बोनहॉफर यांनी पॅरिस येथे बारा वर्षांच्या मुलास फुप्फुसधमनीची झडप कॅथेटरद्वारे बसविली.

१६ एप्रिल २००२ रोजी क्रिबिए यांनी रुआँ येथे ५७ वर्षांच्या एका रुग्णास महाधमनीची झडप कॅथेटरद्वारे बसविली. रुग्ण अत्यवस्थ होता आणि शल्यविशारदांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला होता. झडप बसताच त्याची प्रकृती सुधारली. सुमारे चार महिन्यांनी हृदयाशी संबंध नसलेल्या कारणाने त्याचे निधन झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' चाचणीत, शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या रुग्णांपैकी कॅथेटरद्वारे झडप बसविलेल्या गटात एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण ३०.७ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ते ५०.७ टक्के आढळले. २०११ मध्ये अमेरिकेत या पद्धतीस मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये ती कमी जोखमीच्या रुग्णांपर्यंत विस्तारली. क्रिबिए यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

या पद्धतीत रुग्ण पुष्कळदा पूर्ण बेशुद्ध नसतो आणि काही दिवसांतच घरी जातो. त्याच्या समोर एकटा शल्यविशारद नसतो. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, प्रतिमातज्ज्ञ, परिचारिका असा संघ असतो. एप्रिल २०१९ मध्ये गायक मिक जॅगर यांच्यावर वयाच्या ७५ व्या वर्षी न्यूयॉर्क येथे असा उपचार झाला आणि जूनमध्ये ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. त्यांनी जाहीरपणे आभार मानले ते रुग्णालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे. याउलट, मार्च २०१८ मध्ये अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची कॅथेटरची प्रक्रिया बिघडली आणि त्यांची छाती तातडीने उघडावी लागली. शल्यविशारदांचा चमू तयार होता म्हणून ते वाचले. लहान छेदामागे मोठ्या छेदाची सिद्धता उभी असते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य देशांतील झडपेचा रुग्ण आज बहुधा वृद्ध असतो. भारतातील रुग्ण दीर्घकाळ तरुण राहिला आहे. संधिवाती ज्वरामुळे अगदी लहान वयात मायट्रल झडप अरुंद होण्याच्या भारतीय वैशिष्ट्याकडे दिल्लीच्या वैद्यकांनी १९६३ मध्ये 'द लॅन्सेट'मधून जगाचे लक्ष वेधले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५० च्या दशकापासून हृदयशस्त्रक्रियेची पायाभरणी केली. इनोए यांचा फुगा भारतात मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, तो याच कारणाने.

कृत्रिम झडप मात्र आयात करावी लागे आणि तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली शल्यविशारद, अभियंते व धातुशास्त्रज्ञ यांनी भारतीय झडप तयार करण्याचे काम हाती घेतले. पहिले तीन नमुने अयशस्वी ठरले. चौथा नमुना मेंढ्यांवरील चाचण्यांत टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आला. पुढे टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन केले आणि आयात झडपेच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत ती उपलब्ध झाली. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना 'टीटीके चित्रा' झडप बसविण्यात आली आहे. डॉ. वलियाथन यांचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. या लाखभर माणसांपैकी बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेही नसेल. त्यांनी हात जोडले ते आपल्या गावाजवळच्या शहरातील शल्यविशारदाला, आणि तेही योग्यच होते.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. झडपेची शस्त्रक्रिया या योजनेत समाविष्ट असल्याने ज्यांना ती पूर्वी परवडली नसती अशा रुग्णांपर्यंत ती पोहोचली. कॅथेटरद्वारे बसविण्याच्या झडपाही आता गुजरातमधील वापी येथे तयार होतात. तथापि त्यांची किंमत आजही शस्त्रक्रियेने बसवायच्या झडपेच्या कितीतरी पट आहे. शिवाय हे तंत्र प्रामुख्याने वार्धक्यातील महाधमनीच्या झडपेसाठी घडविले गेले. संधिवाती ज्वराने मायट्रल झडप गमावलेल्या ग्रामीण तरुण स्त्रीस त्याचा लाभ अल्प आहे. तिच्यापुढील प्रश्न वेगळे आहेत. वॉरफरिनमुळे गरोदरपणात गर्भाला धोका असतो, आणि नियमित रक्ततपासणीसाठी तालुक्याला जाण्यात दिवसाची मजुरी बुडते.

चर्चा

वरील इतिहासावरून कृतज्ञतेच्या ऐतिहासिक मूल्याविषयी काही बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी माणूस जिवंत असावा लागतो. कटलर यांचे नंतरचे रुग्ण, बेली यांचे आधीचे तीन आणि त्या दिवशी सकाळचा एक, स्टार यांची पहिली रुग्ण, यांच्यापैकी कोणीही आभाराचे पत्र लिहिलेले नाही. कृतज्ञतेच्या आधारे लिहिलेला वैद्यकाचा इतिहास म्हणजे वाचलेल्यांनी लिहिलेला इतिहास होय. युद्धाचा इतिहास विजेत्यांच्या बाजूने लिहिला जातो असे आपण वर्गात शिकवितो. तोच साधनचिकित्सेचा नियम येथेही लागू करावा लागेल. वस्तुतः प्रत्येक यशस्वी शस्त्रक्रिया तिच्या आधीच्या अपयशातून मिळालेल्या ज्ञानावर उभी आहे. या अर्थाने शल्यविशारद हा रुग्णाचा ऋणी आहे, आणि आजचा रुग्ण कालच्या रुग्णाचा.

दुसरी बाब कृतज्ञतेच्या केंद्राविषयीची आहे. ती स्वाभाविकपणे दिसणाऱ्या हाताकडे जाते. एडवर्ड्स यांच्यासारखा अभियंता, चाचणीतील मेंढ्या व डुकरे, मृत्यूनंतर झडप दान करणारा दाता, रात्रभर जागणारी परिचारिका आणि योजनेचा निधी पुरविणारा करदाता हे तिच्या दृष्टिपथात क्वचितच येतात. शस्त्रक्रियेतील छेद जसजसा लहान झाला तसतसा एका शल्यविशारदाचा हात मागे गेला आणि संघ पुढे आला. आभार मानण्याची आपली भाषा मात्र अजून एका व्यक्तीचीच राहिली आहे.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. संधिवाती ज्वर झालेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिल्यास झडप बिघडण्याचे बहुतांशी टळते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगाच्या प्रतिबंधाविषयी ठराव संमत केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील ज्या परिचारिकेने हे इंजेक्शन चुकू दिले नाही, तिच्यामुळे एखाद्या मुलीची झडप शाबूत राहिली, तर ती मुलगी कोणाचे आभार मानणार? आपल्यावर कोणते संकट येणार होते हेच तिला ठाऊक नसते. टळलेल्या शस्त्रक्रियेला व्रण नसतो, आणि व्रण नाही तेथे कृतज्ञताही नसते. समाजाचा निधी आणि सन्मान कृतज्ञतेच्या मागे जात असेल, तर तो प्रतिबंधाऐवजी उपचाराकडेच वळत राहणार, हा धोका लक्षात घेतला पाहिजे.

निष्कर्ष

१. हृदयझडपेच्या शस्त्रक्रियेचा विकास शल्यविशारद, हृदयरोगतज्ज्ञ, अभियंते आणि रुग्ण यांच्या संयुक्त प्रयत्नांतून झाला आहे. त्यात अयशस्वी शस्त्रक्रियांतील रुग्णांचे योगदान मूलभूत असून इतिहासलेखनात त्याची दखल घेतली जाणे आवश्यक आहे.

२. रुग्णाची कृतज्ञता खरी व आदरणीय असली तरी ती उपचाराच्या गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही. ब्यॉर्क-शायली प्रकरण आणि अल्पछेद पद्धतीविषयीच्या चाचण्या यांवरून उत्तरदायित्व व पुरावा यांची स्वतंत्र आवश्यकता सिद्ध होते.

३. शस्त्रक्रियेचा छेद लहान होत गेला तसे रुग्णाच्या ऋणाचे वर्तुळ मोठे होत गेले. 'मेंडेड हार्ट्स'च्या चार संस्थापकांनी १९५१ मध्ये दाखविलेला मार्ग, म्हणजे पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडून उतराई होणे, हा या विस्तारलेल्या ऋणास सर्वाधिक अनुरूप आहे.

४. भारतीय परिस्थितीत झडप बदलणाऱ्या हाताइतकाच झडप वाचविणारा हात सन्मानास पात्र आहे. संधिवाती ज्वराचा प्रतिबंध आणि झडपेच्या शस्त्रक्रियेची सर्वांना परवडणारी उपलब्धता यांसाठी आग्रह धरणे, हे बरे झालेल्या रुग्णांच्या आणि एकूण समाजाच्या कृतज्ञतेचे सर्वांत अर्थपूर्ण रूप ठरेल.